एक घोट म्हणजे एक कप

मित्रांनो, जरा जवळ या. काचेला नाक लावलेत तरी चालेल, कंपनीच्या रागावणाऱ्या बाई आता फोनवर बोलत आहेत. तुम्हाला शाळेतून हा कारखाना दाखवायला आणले आहे आणि दारात प्रत्येकाच्या हातात एक छोटा कप भेट दिला आहे. त्या कपावर जिचे चित्र आहे ती मीच. मी एक जुनी तांब्याची किटली आहे. चित्रात मी बरी दिसते. खरी मी थोडी वाकडी आहे, तोटीजवळ मला एक पोचा आहे, आणि माझा स्वभाव तापट आहे. जिचे अर्धे आयुष्य विस्तवावर गेले, तिच्याकडून कोणी थंडपणाची अपेक्षा करू नये.

मघाशी बाईंनी तुम्हाला सांगितले की मी या कंपनीच्या समतेचे प्रतीक आहे. तुमच्यातल्या काही जणांनी ते वहीत उतरवूनही घेतले. मी सांगते ते उतरवू नका. नुसते ऐका.

माझा जन्म झाला तेव्हा ही काचेची इमारत नव्हती. एक लांबलचक पत्र्याची शेड होती आणि तिच्यात तांब्या-पितळेची भांडी बनत. शेड ज्यांच्या नावावर होती त्यांना सगळे मालक म्हणत. पण सकाळी शेडचे कुलूप तेच उघडत आणि संध्याकाळी भट्टीही तेच विझवत. तिथे एक कारागीर होते. ते हातोडी चालवू लागले की पत्रा मुकाट्याने हवा तिकडे वळे. त्यांना हातोडीकाका म्हणत. त्यांचे खरे नाव पगाराच्या दिवशी तेवढे कोणाला तरी आठवे. एकदा एका मोठ्या पातेल्याचा पत्रा कापताना चुकला. चांगला पत्रा भंगारात जाणार म्हणून काका हळहळले. त्यांनी जेवणाच्या सुटीत थोडे थोडे ठोकून त्या पत्र्यातून मला घडवले. माझी तोटी जोडली, कडी बसवली, आतून कल्हई केली आणि मला उंच धरून ते म्हणाले, "झाली पोरगी उभी!" तेव्हापासून मी स्वतःला त्यांची लेकच समजते.

शेडमध्ये सगळ्यांचा चहा माझ्यातून होऊ लागला. मी भट्टीजवळ बसे, मग हातोहात फिरे. पण माझे खरे काम वर्षातून एकदाच असे. त्याला कपांचा दिवस म्हणत.

वर्षाचा हिशेब संपला की मालक सगळ्यांना पॅकिंगच्या खोलीत बोलावत. पहिल्या वर्षी सगळे खोक्यांवर दाटीवाटीने बसले होते. मालक डोके खाजवत म्हणाले, "तुमचा पगार मी ठरवतो. पण माझा कोण ठरवणार? आपल्याच ताटात वाढायला बसलं की हात सैल सुटतो, खोटं कशाला बोलू? म्हणून मी हे काम माझ्या पोटावर सोपवलंय." आणि त्यांनी नियम सांगितला. ज्याचा पगार सर्वांत कमी, त्याने मला हातात घ्यायचे. ज्याचा पगार सर्वांत जास्त, त्याने समोर बसायचे. वरच्याचा पगार खालच्याच्या जितक्या पट, तितके कप चहा त्याने सगळ्यांदेखत, जागेवरून न उठता प्यायचे. जितके कप पोटात मावतील तितक्याच पटीवर त्याचा पगार थांबायचा. कपही ठरलेला होता. जाड, पांढरा, कानाचा टवका उडालेला, आणि चांगला दणदणीत मोठा.

त्या वर्षी सर्वांत कमी पगार होता नुकत्याच लागलेल्या एका तरुण कारकुनाचा. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, अंगात ढगळ शर्ट, आणि दुपारचा डबा कधीच नाही. त्याला सगळे चष्म्या म्हणत. हातोडीकाका रोज आपला डबा उघडून त्याच्यापुढे सरकवत आणि म्हणत, "खा रे, तुझ्या काकूला कमी करता येत नाही. दोघांचं भरते." त्यात काही खोटे नव्हते. काकूंना कळले होते की डबा दोन माणसे खातात, म्हणून त्या दोघांचे भरत.

चष्म्याने मला दोन्ही हातांनी उचलले आणि मालकांकडे न बघताच तो ओतू लागला. तिसऱ्या कपापर्यंत मालक मजेत होते. पाचव्याला त्यांनी कमरेचा पट्टा सैल केला. सहाव्याला डोळे मिटले. सातवा संपला आणि चष्म्याची भीड चेपली. तो ओरडला, "अजून एक, मालक! लाजू नका!" खोली खो खो हसली. मालकांनी त्याला कोपरापासून हात जोडले. "नको रे बाबा. सात पट पुरे. आठवा घेतला तर पगार खायला मी उरायचो नाही."

मित्रांनो, हे तुम्हाला पोरखेळ वाटेल. मलाही आधी तसेच वाटले होते. पण पुढे एका वर्षी मालकांना घर बांधायचे होते, पैसे कमी पडत होते. त्यांनी आठवा कप तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि ठेवून दिला. मग त्यांनी काय केले असेल? खालचा पगार वाढवला. खालचा वाढला की त्याची सात पटही वाढते, हे शाळेतल्या मुलांना मी शिकवायला नको. त्या वर्षी मालकांचे घर उभे राहिले आणि झाडूवाल्याच्या घरावर नवे छप्पर चढले. त्यात कोणी कोणावर उपकार केले नव्हते, त्यामुळे कोणाला कोणापुढे पाठ वाकवावी लागली नाही.

असे बरेच दिवस गेले. शेडच्या दोन शेड झाल्या. माझी कल्हई दर वर्षी काका स्वतः करत. दुसऱ्या कोणी मला घासलेलेही त्यांना खपत नसे. बाहेरगावचे व्यापारी आले की मालक मला दाखवून म्हणत, "ही आमची खरी मालकीण." मी वरवर गप्प राही, पण आतून फुगून जाई. चष्म्या हिशेबाच्या कामात तरबेज झाला, त्याचा पगार वाढला, डबा आला, लग्न झाले. कपांच्या दिवशी ओतणारे हात बदलत गेले. मालकांचा कप आणि मालक मात्र तेच राहिले.

मग मालक थकले. त्यांच्या पोटात काहीतरी वाईट दुखणे निघाले. डॉक्टरांनी चहा बंद केला. तरी कपांच्या दिवशी ते आले, खोक्यावर बसले आणि कप पुढे केला. पहिल्या कपातच त्यांच्या कपाळावर घाम आला. दुसरा अर्ध्यात आला आणि त्यांचा हात पोटावर गेला. खोलीत कोणाला बघवेना. तेवढ्यात चष्म्या उठला. त्याने कपावर हात आडवा धरला. "मालक, बस झालं. एक एक घोट घ्या. एक घोट म्हणजे एक कप. आम्हाला चालेल."

"नियम आहे रे," मालक म्हणाले.

"आम्हीच बदलला समजा," हातोडीकाका म्हणाले. "काय रे, बदलला ना?" सगळ्यांनी एका आवाजात हो म्हटले. मालकांनी सात घोट घेतले. प्रत्येक घोटाला लोक डोळे पुसत होते. कोणाला सांगू नका, पण त्या दिवशी माझ्याही झाकणाखालून पाणी गळत होते, आणि ती नुसती वाफ नव्हती.

त्यात चष्म्याचा डाव नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याचे मालकांवर प्रेम होते. सगळ्यांचेच होते. पुढच्या कपांच्या दिवसाआधीच मालक गेले. त्या गडबडीत, त्या दुःखात, एक साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. तो घोट फक्त मालकांच्या आजारासाठी होता, हे कोणी मोठ्याने म्हटलेच नाही.

मालकांना मूलबाळ नव्हते. धंद्यात पैसे घातलेल्या भागीदारांनी चष्म्याला मुख्य केले. शेडमध्ये आनंदीआनंद झाला. आपल्यातला माणूस वर बसला, आता कशाची काळजी? हातोडीकाका तर दिवसभर सांगत फिरत होते, "माझ्या डब्यातलं खाऊन वाढलाय तो." त्याला आता साहेब म्हणायचे ठरले. काकांची जीभ अडखळे, "चष्... साहेब" असे काहीतरी निघे, आणि साहेब हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवत.

साहेबांचा पहिला कपांचा दिवस मला नीट आठवतो. कोणीतरी कप भरला. साहेबांनी उचलला, एक घोट घेतला आणि क्षणभर थांबले. सगळीकडे पाहिले. मग म्हणाले, "मालकांनी शेवटचे असेच घेतले होते. त्यांची आठवण म्हणून आपण घोटच ठेवू." लोकांना गहिवरून आले. त्या वर्षी सात घोट झाले. पुढच्या वर्षी दहा. मग बारा, मग वीस. मित्रांनो, घोटांनी काय पोट भरते? त्या एका मोठ्या कपात किती घोट मावतात, घरी जाऊन करून बघा. पॅकिंगवाल्यांतला एक जण एकदा हळूच म्हणालाही, "हे जरा जास्तच होतंय." तर काकांनीच त्याला गप्प केले. "मालकांच्या आठवणीवर बोट ठेवतोस?" काका मनाने सरळ माणूस. त्यांनी पत्र्याशी कधी लबाडी केली नाही, आणि माणसेही तशीच असतात असे ते धरून चालत.

मग मंदीचे साल आले. मोठी गिऱ्हाइके तुटली, गोदामात भांडी धूळ खात पडली. साहेबांनी सगळ्यांना बोलावले आणि सरळ सांगितले, पगार कमी करावे लागतील, नाहीतर कारखाना बंद. माझाही करतोय, असेही सांगितले. तेव्हा साहेब माझ्याजवळ आले. मी नुकतीच भट्टीवरून उतरले होते, पोट चांगलेच गरम होते. त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला आणि तो उचलला नाही. "या किटलीवर हात ठेवून सांगतो. बरे दिवस आले की आधी खालचे पगार पहिल्यासारखे होतील. त्यानंतर माझा." हात भाजत असणार. मला त्या हाताचे इतके कौतुक वाटले की मी निवायचा प्रयत्न करत होते.

लोकांनी पोटाला चिमटा घेतला. त्याच सुमाराला हातोडीकाकांचे डोळे बिघडले. आधी बाजूचे दिसेनासे झाले, शेजारी कोणी येऊन उभा राहिला तरी कळेना. मग एकदा हातोडी पत्र्याऐवजी अंगठ्यावर बसली. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, पण उरलेली वाचवायची तर ऑपरेशन लवकर करा. काकांना कामावरून घरी बसवले. घर चालायला हवे म्हणून काकू कारखान्यात झाडायला लागल्या. सर्वांत कमी पगार आता त्यांचा होता. त्या कापलेल्या पगारात दोन वेळचे जेवण आणि डोळ्यांचे थेंब एवढेच बसत होते. ऑपरेशन पुढच्या महिन्यावर, मग त्याच्या पुढच्या महिन्यावर जात राहिले. काकू म्हणत, "पगार पहिल्यासारखा झाला की लगेच करू."

आणि बरे दिवस आले. खरेच आले, मित्रांनो. कोणत्या तरी लांबच्या मोठ्या हॉटेलांना हाताने ठोकलेली तांब्याची भांडी हवीहवीशी वाटू लागली. दोन्ही शेड कमी पडू लागल्या. ही इमारत उभी राहिली, दारे आपोआप उघडू लागली. बाहेरून नवे अधिकारी आले, ज्यांना पत्रा कोणत्या बाजूने ठोकतात हेही माहीत नव्हते, आणि त्यांच्यासाठी लांब गाड्या आल्या. शेडमधल्या लोकांना मात्र सांगितले, "थोडं थांबा, आत्ताच कुठे गाडी रुळावर येतेय." शेडमध्ये चहाचे यंत्र बसले. पैसे टाकले की कागदी पेल्यात चहा येतो. आणि मला गौरवाने इथे आणून काचेच्या पेटीत ठेवले, वरून दिवा लावला.

आधी मला फार बरे वाटले, हे कबूल करते. पण या पेटीसमोर एक सोफा आहे, पाहिलात ना? वरचे लोक तिथे बसून बोलतात. किटलीला कान एकच असतो आणि तोही धरायचा, असे त्यांना वाटत असावे. एकदा साहेब आणि एक नवे अधिकारी तिथे बसले होते. साहेबांचा नवा पगार ठरला होता. अधिकाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "सर, त्या तुमच्या कपांच्या हिशेबाने आता किती झाले?" साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि हसून म्हणाले, "कप कसले, घोटांनीसुद्धा पोट फुटेल." दोघेही पोट धरून हसले. त्या दिवसापासून वरचा दिवा मला टोचू लागला.

काही दिवसांनी काकू ही फरशी पुसत होत्या आणि साहेब दारातून आत आले. काकू उठून उभ्या राहिल्या. फडके हातातच होते.

"साहेब, यांच्या डोळ्यांचं... डॉक्टर म्हणतात आता उशीर नको. पगाराचं कधी होईल?"

साहेब थबकले. त्यांचा चेहरा खरेच हळवा झाला. "काकू, काकांना मी कसा विसरेन? दोघांचा डबा भरायचात तुम्ही. कपांचा दिवस होऊ दे. त्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करतो." साहेब गेल्यावर त्यांनी तीच फरशी पुन्हा पुसली. पण या खेपेला त्या गुणगुणत होत्या.

कपांच्या दिवसाआधी बाईंनी मला बाहेर काढून काकूंकडे दिले. फोटो काढायचे होते, चकाकी हवी होती. काकूंनी झाकण उघडून आत पाहिले आणि चक्क ओरडल्या, "अगं बाई, हिचं काय करून ठेवलंय! कल्हई पार उडालीय. यातला चहा कोणी प्यायला तर आजारी पडेल." बाई म्हणाल्या, "आतून कोण बघतंय? बाहेरून घासा." काकूंनी मला पदराखाली घातले आणि सुटीच्या दिवशी घरी नेले.

मित्रांनो, मी माझ्या बापाला किती तरी दिवसांनी भेटले. घर म्हणजे दोन खोल्या, मागे फरशी घातलेला चौक. काका खुर्चीवर बसले होते. त्यांना आता फक्त नाकासमोरचे, नळीतून पाहावे तितकेच दिसत होते. त्यांनी मला डोळ्यांसमोर धरले आणि तुकड्या-तुकड्याने पाहिले. आधी तोटी, मग कडी, मग पोच्यावर नजर थांबली. "हा माझा नाही. कोणी पाडली हिला?" त्यांना एवढेही कळले. मग शेगडी पेटली. काकू सांगत होत्या, "तापली, आता नवसागर टाका," आणि काका कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून पुसत होते. हात जराही चुकत नव्हता. आतून मी पुन्हा चांदीसारखी पांढरी झाले.

"झालं," काका म्हणाले. "बाहेरची बाजू या खेपेला तू घास. आता मला कडेचं दिसत नाही, डाग राहतील. ऑपरेशन झालं की उरलेली नजर तरी टिकेल, पुढच्या वर्षीही कल्हई मीच करीन."

"जाहीर करतो म्हणालाय," काकू म्हणाल्या.

"करणारच. माझ्या डब्यातलं खाल्लंय त्यानं."

मी ऐकत होते. सोफ्यावरचे हसणे माझ्या पोटात होते आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते.

कपांचा दिवस याच दालनात झाला. एका लांब टेबलावर पांढरे कापड. एका बाजूला वरचे लोक, दुसऱ्या बाजूला शेडमधले. साहेब समोर बसले, काकूंच्या हातात मी. माझ्यात खरा, गरम चहा होता. काकूंनी तो स्वतः केला होता. कानाचा टवका उडालेला तोच कप. काकूंनी भरला. साहेबांनी एक घोट घेतला, कप ठेवला आणि उभे राहिले.

"मित्रहो, यंदा एकच घोट," ते म्हणाले. "कारण आता आपण मोजायचं थांबवणार आहोत. आपण एक कुटुंब आहोत. कुटुंबात कोणी कोणाचं मोजतं का?"

टाळ्या सुरू झाल्या, म्हणजे वरच्या बाजूने. खालच्या बाजूचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. काकू वाट पाहत होत्या. टाळ्या थांबल्या. साहेब पुढे काही बोलले नाहीत, खुर्ची मागे सारू लागले.

"साहेब," काकू म्हणाल्या, "ते जाहीर करायचं राहिलं."

"आपण नंतर निवांत बोलू हं, काकू."

काकूंचा हात माझ्या कडीवर घट्ट आवळला. त्यांनी शेजारचा रिकामा कप ओढला आणि भरला. मग त्याच्या शेजारचा. "नको नंतर," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मोजू की आज. घोट नको, कप. तूच म्हणाला होतास ना मालकांना, लाजू नका म्हणून? मग पी की, चष्म्या!"

किती तरी दिवसांनी त्या नावाने कोणी त्यांना हाक मारली. खालच्या बाजूने एक पॅकिंगवाला उठला, आपल्या कपाटातला पेला घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. मग दुसरा आला. मग सगळेच धावले. कप, पेले, वाट्या, डब्यांची झाकणे, जे मिळेल ते. काकू ओतत होत्या, मी रिकामी झाले की कोणीतरी मोठ्या पातेल्यातून मला भरत होते. ते लांब टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरले, तरी साहेबांच्या पगाराचे कप पुरे होईनात. मित्रांनो, त्या वेळी मला वाटले, याचसाठी मला घडवले होते. वाटले, आता तो लाजेल. आता त्याला तो डबा आठवेल.

साहेबांनी त्या सगळ्या कपांकडे पाहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दोन्ही हात पसरून हसले आणि मोठ्याने म्हणाले, "वा! हा सगळा चहा माझ्याकडून तुम्हा सगळ्यांना! घ्या, बिनधास्त घ्या!"

वरच्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाल्याने खटाखट फोटो काढले. खालचे लोक उभेच राहिले. ज्याने तो चहा प्यायचा होता, त्यानेच तो त्यांना दान केला. एवढ्यात सुटी संपल्याची घंटा वाजली. एकाने आपला पेला उचलला, कारण तो त्याचा होता आणि पुन्हा कपाटात ठेवायचा होता. आतला चहा टाकून देणे जिवावर आले म्हणून तो प्यायला. मग दुसऱ्याने उचलला. काकू मला धरून तशाच उभ्या होत्या. कोणी तरी माझी कडी त्यांच्या हातातून अलगद सोडवून घेतली.

माझ्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, माझ्यातूनच ओतलेला चहा, आणि माझ्याच देखत केसाने गळा कापला. मला जर फुटता आले असते तर त्या दिवशी फुटले असते. पण तांबे फुटत नाही. काकांनी मला फार चांगले घडवले आहे.

काकूंना कामावरून काढले नाही. कशाला काढतील? माझ्यामागची भिंत पाहा. तो मोठा फोटो त्याच दिवसाचा आहे. हात पसरून हसणारे ते साहेब, आणि बाजूला किटली घेतलेल्या त्या काकू. खाली लिहिले आहे, "इथे प्रेम ओसंडून वाहते." त्यानंतर सगळ्या कामगारांना भेट म्हणून कप मिळाला. तुमच्या हातात आहे तोच. त्यात दोन घोट मावतात.

एकदा सुटीच्या दिवशी काकू काकांचा हात धरून इथे आल्या. काकांना आता काहीच दिसत नव्हते. काकूंनी त्यांना पेटीपुढे आणले. काकांनी दोन्ही हात पुढे केले, बोटे काचेवर टेकली. बराच वेळ ती बोटे वर-खाली माझी कडी शोधत राहिली.

"कुठंय गं?"

"इथंच आहे. तुमच्या समोर."

"मग हाताला का लागत नाही?"

"मध्ये काच आहे."

काकांनी काचेवर बोटाने टिचकी मारली. "काढायला सांग ना चष्म्याला. अशी नुसती ठेवली तर कल्हई खराब होते."

काकूंनी हो म्हटले आणि त्यांना घेऊन गेल्या.

मित्रांनो, बाईंचा फोन संपत आला. तुम्ही मोठे व्हाल. कधीतरी तुम्हीही एखाद्या थकलेल्या, आजारी माणसासाठी एखादा नियम वाकवाल. जरूर वाकवा, त्या दिवशी आम्ही चूक केली असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच वेळी मोठ्याने सांगा की हे फक्त याच्यासाठी आहे, आणि तो गेला की दुसऱ्या दिवशी नियम पुन्हा सरळ करा. आणि कोणती वस्तू दिव्याखाली ठेवून तिचे गोडवे गायले जात असतील, तर विचारा, हिला कामावरून का काढले?

आता निघा. दाराशी एक बाई झाडू घेऊन उभ्या असतील. त्या खाली बघून काम करत असतील, तुमच्याकडे पाहणार नाहीत. त्यांच्याजवळ जरा थांबा आणि विचारा, काका कसे आहेत? मला इथून विचारता येत नाही.